पाणी काढलेला पूल

नदीत पाणी नव्हतं.

नाही, असं नाही. पहिल्यापासून. भार्गवी बांधाच्या पायऱ्या चढून वर आली तेव्हा तिच्या एका हातात आईचा दंड होता आणि दुसऱ्या हातात तीळ-दर्भ ठेवलेली कापडी पिशवी. मागे संहिता, कानांत गाणी, अंगावर बापाचं, आशुतोषचं, जॅकेट. वर आल्यावर समोर नदी दिसायची होती. आई ती पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघणार होती, दोन वर्षं पुण्यात देवाच्या फळीवर ठेवलेल्या एका धुकट फोटोत बघत आलेली नदी. आणि तिथे हमरस्त्याएवढा रुंद, सरळ, लांबच लांब एक लोखंडी हौद होता. रिकामा. त्याच्या तळाशी रबरी बूट घातलेली माणसं हिंडत होती. एकाच्या खांद्यावर मूल होतं. एक बाई, जिथे तिच्या डोक्यावर पुरुषभर पाणी असायला हवं होतं तिथे उभी राहून, थर्मासातून कॉफी ओतत होती.

जागा चुकली असेल. पण कठडा तोच होता, कठड्यावरची नदीच्या नावाची पाटीही तीच. त्या पाटीच्या खांबाला तिने दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एका हाताने धरलं होतं, वाकताना तोल जाऊ नये म्हणून. आणि नद्या अशा रिकाम्या होत नाहीत. आटतात, सरकतात, उन्हाळ्यात खडक उघडे टाकतात. पण शनिवारी सकाळी कुणी नदीला शिडी लावून लोकांना आत सोडत नाही. भार्गवीचा उजवा पाय शेवटच्या पायरीवरच राहिला. पाय उचलला नाही तर हे खरं होणार नाही असं काहीतरी पायालाच वाटत असावं.

"नदी कुठे गेली?" तिने केशरी जॅकेट घातलेल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाला विचारलं, परीक्षेपुरत्या शिकलेल्या डचमध्ये. त्याच्या छातीवर खेरित असं नाव लिहिलेलं होतं. तो हसला, पण कुचकट नाही.

"नदी कुठे जाणार, मेव्रॉव? नदी खाली आहे." त्याने बुटाची टाच दोनदा आपटली. ठण्ण, ठण्ण. "हा कालवा. तुम्ही पुलावर उभ्या आहात. पुलावरून कालवा जातो, कालव्यातून जहाजं जातात, आणि खालून नदी. पाटी पुलाची आहे. नदीवरच्या पुलाला नदीचं नाव. आज स्मारकांचा खुला दिवस, त्यात दुरुस्तीसाठी पाणी काढलेलंच होतं, म्हटलं लोकांना आत सोडू. अशी संधी पुन्हा कधी!"

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

आणि भार्गवीच्या तोंडून, तिने काही ठरवायच्या आधीच, बाहेर पडलं, "नदीची दुरुस्ती चालू आहे म्हणतोय."

"नदीची?"

"इथे करतात, आई."

"बरं," आई म्हणाली.

संहिताने एका कानातलं गाणं काढलं. तिला मराठी पूर्ण कळतं आणि डच तर तिचंच; उत्तरं मात्र ती तिसऱ्याच भाषेत देते. "ममा. दॅट्स नॉट व्हॉट ही सेड."

"तू गप."

धुकं. त्या नोव्हेंबरात सगळा दोष धुक्याचा होता. बाबा दोन महिन्यांसाठी म्हणून एकटेच आले होते, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून ती पुण्यात, आणि सहाव्या आठवड्यात आर्नहेमच्या घरी, भाजी चिरता चिरता, श्रीनिवास नावाचा सदुसष्ट वर्षांचा धडधाकट माणूस ओट्यावर हात टेकून "जरा थांब" म्हणाला आणि मग तोच थांबला. आईने अंत्यविधी पडद्यावर पाहिला. तिसऱ्या दिवशी अस्थी मिळत नाहीत इथे, कायद्याने महिना थांबावं लागतं. तो महिनाभर धाकटा भाऊ पुष्कर पुण्याहून फोन करत राहिला, ताई, मी येतो, घेऊन जातो, आणि भार्गवी म्हणत राहिली, नको, इथेच, मी करते. का म्हणत राहिली? माझ्या घरी गेले म्हणून माझे, असं काहीतरी लहान मुलासारखं. शेवटी आईने निकाल दिला होता. "कुठेही सोड. पाणी वाहतं असू दे म्हणजे झालं." आशुतोषने नकाशात एक निळी रेघ शोधली, शहरापासून अर्ध्या तासावर, गर्दी नाही, गाडी अगदी काठाला लागते. नकाशात दोन निळ्या रेघा एकमेकींना छेदत होत्या खऱ्या, पण नकाशात रेघा छेदतातच. गाडी जाड रेघेच्या काठाला लागली. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता, फक्त कठडा, पाटी, आणि राखाडी, रुंद, शांत पाणी. शांत. ती शांतता तिला तेव्हा केवढी आवडली होती! फोनवर पुष्करने मंत्र म्हटले, अडखळत, कारण तोही इंटरनेटवर बघून म्हणत होता. तिने राख सोडली. राखेबरोबर तो वाटोळा भाजलेला दगडही. इथे देहाबरोबर एक आकडा घातलेला दगड भट्टीत ठेवतात, कुणाची राख कुणात मिसळू नये म्हणून, आणि मग तो घरच्यांना देतात. टुप्प आवाज झाला. "कुठे जाते गं ही?" आईने फोनवर विचारलं. "मोठ्या नदीला मिळते, मग समुद्राला," भार्गवी म्हणाली. आणि फोटो पाठवला.

ती पुन्हा कधी इथे आली नाही. येववलं नाही. समुद्र म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर बाबा निघालेले होते, मफलर वगैरे घेऊन, मजेत, काठाकाठाची गावं वाचत. दोन वर्षं ती ऑफिसात विजेच्या जाळ्याचे आलेख बघत बसली आणि मनाच्या एका कोपऱ्यात बाबा चाललेले असायचे. आता हॉलंड संपलं असेल. आता खारं पाणी लागलं असेल.

जहाजांचा कालवा वाहत नाही.

हे तिला, श्रीनिवासच्या मुलीला, कुणी शिकवायची गरज होती? तिचं सगळं बालपण पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत गेलं. बाबा तिला जीपमध्ये पुढे बसवून कालव्यावर न्यायचे, आणि एका ठिकाणी जीप थांबवून, खाली उतरवून, मान वर करायला लावायचे. "बघ, हा जलसेतू. वरून कालवा, खालून ओढा. रोज भेटतात आणि ओळख दाखवत नाहीत. आपल्या कॉलनीतल्यासारखे." ती हसायची कारण बाबा हसायचे. तिच्या मानेवर तेव्हा वरून एक थेंब पडला होता, गार. तो थेंब आता, पस्तीस वर्षांनी, तिच्या मानेवर पुन्हा पडला. हात लावून पाहिला. मान कोरडी होती.

खेरितने पंधरा-वीस जणांना गोळा केलं होतं आणि तो पुलाचा इतिहास सांगत होता. आई घडीच्या खुर्चीवर बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, वर्गात इन्स्पेक्शनला आलेल्या कुणाचं ऐकावं तशी. ती गणिताची मास्तरीण, वसाहतीच्या शाळेत तिने उभी हयात फळ्यासमोर काढली. भार्गवीच्या कानांत खेरितचं डच तुकड्यातुकड्यांनी येत होतं आणि आईसाठी मराठी होऊन बाहेर पडताना ते तुकडे भलतेच होत होते. मंदीच्या काळात खोदला. शहरातल्या बेकारांना आगगाडीत घालून इथे आणलं, फावडी, ढकलगाड्या, लाकडी बराकी, जो खोदणार नाही त्याचा भत्ता बंद. ("जुनं बांधकाम आहे म्हणतोय.") शिंपी होते, पियानो शिकवणारा एक होता, त्यांच्या तळहातांची सालं गेली. ("गरीब लोकांनी घाट बांधला.") घाट! घाट कुठून आला तिच्या तोंडात? मग युद्ध, आणि मे महिन्यातल्या एका पहाटे आपल्याच सैन्याने हा पूल उडवला, शत्रू येऊ नये म्हणून, आणि मैलभर कालवा नदीत कोसळला. नदी थोडा वेळ उलटी वाहिली. गाईंच्या कुरणात मासे. आणि वर, कोरड्या कालव्याच्या चिखलात कोळशाचं एक जहाज तिरकं बसलेलं, त्यावर दोरीला वाळत घातलेले कपडे तसेच, आणि जहाजवाल्याची बायको दारात, तिला वाटत होतं आपण झोपेतच आहोत.

"काय झालं म्हणतोय? जहाजाचं काय?"

"एकदा पूर आला होता, आई."

"बरं."

हे बरं भार्गवीला ओळखीचं होतं, पण कुठलं ते आठवेना. तिचं चित्त त्या जहाजवाल्याच्या बायकोत अडकलं होतं. पाणी पायाखालून जातं म्हणजे काय होतं? आधी आवाज येतो की आधी कळतं? भार्गवीला अजून कळतच होतं, हळूहळू, एकेका अवयवाला वेगळं. पोटाला कळलं होतं. हातांना अजून नाही. हात तिळाची पिशवी सांभाळून धरत होते, जणू अजून काठ आहे, अजून ओंजळ भरायची आहे.

"आता सांगा," खेरित म्हणाला, आणि त्याचे डोळे लुकलुकले, हा प्रश्न तो दर खेपेला विचारत असणार, "भरलेलं जहाज या पुलावर येतं तेव्हा पुलाला किती वजन जास्त लागतं?"

कुणी काय, कुणी काय म्हणालं.

"शून्य. जहाज आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं आणि मगच आत येतं. जहाज आलं काय, गेलं काय, पुलाला कळतच नाही. पण," त्याने बोट वर केलं, "परवा पाणी काढलं तेव्हा पूल वर आला. बोटभर. आम्ही मोजलं. इतकी वर्षं तो काय धरून होता ते त्याला तेव्हा कळलं म्हणायचं."

लोक हसले. भार्गवीने हे भाषांतरित केलंच नाही. आईनेही या वेळी विचारलं नाही. बाबा गेल्यानंतर सोमवारी ती कामावर गेली होती. लोक म्हणाले, कमाल आहे तुझी. कमाल कसली. जहाज आलं आणि पुलाला कळलं नाही. तिने काहीतरी त्या जहाजाच्या वजनाइतकं बाजूला सारलं असणार. काय सारलं? कुणाला?

"ममा."

संहिता दूर एका लांब टेबलापाशी उभी होती. टेबलावर कालव्याच्या तळाशी सापडलेल्या वस्तू मांडल्या होत्या: गंजलेल्या सायकली खाली, वर फोन, किल्ल्यांचे जुडगे, सुपरमार्केटच्या ढकलगाडीचं चाक, एक कवळी, तिला लोक सर्वांत जास्त हसत होते. संहिताच्या आवाजात काहीतरी होतं. ती पंधरा वर्षांची, ममा हा शब्द ती सहसा सुस्कारा म्हणून वापरते. हा सुस्कारा नव्हता.

टेबलाच्या कडेला, चिखल धुऊन, एका पांढऱ्या बशीत, तो दगड होता. वाटोळा, विटकरी, मध्ये भोक, कडेला आकडा. आणि आकड्याखाली, कंपासपेटीतल्या कर्कटकाने कोरलेली, वाकडी, एकाचा काना दुसऱ्यात घुसलेली, दोन अक्षरं. आबा. आजोबांना ती हेच म्हणायची. तेरा वर्षांच्या संहिताला तेव्हा देवनागरीत एवढंच लिहिता येत होतं, आणि तिने ते कुणाला न सांगता, गाडीत मागे बसून लिहिलं होतं.

"हे मजेदार आहे," खेरितचा एक सहकारी लोकांना सांगत होता. "क्रेमॅटोरियमचा दगड. म्हणजे इथे कुणीतरी मुक्कामाला होतं! काही खुणाही केल्यात, कुणी म्हणतं थाई, कुणी म्हणतं लहान मुलाच्या रेघोट्या." एका माणसाने दगडाचा फोटो काढला. कवळीचा काढला, मग दगडाचा.

मुक्कामाला होतं.

भार्गवीला आवाज ऐकू येईनासे झाले. म्हणजे माणसांची तोंडं हलत होती. बाबा निघालेले नव्हते. मफलर नाही, गावं नाही, खारं पाणी नाही. दोन वर्षं, या हौदात, या ठिकाणापासून हातभरही नाही, डोक्यावरून जहाजं, वाळू, खडी, कुणाच्या तरी सुट्टीच्या बोटी. आणि ती रोज त्यांना पुढे पुढे ढकलत होती. आणि आईच्या फळीवर तो फोटो. आईने त्या फोटोला दोन वर्षं फूल वाहिलं होतं, ते फूल कुठे पडत होतं मग? तिला एकदम त्या कालव्याच्या तळाच्या गारठ्याचीच हुडहुडी भरली. सप्टेंबरच्या उन्हात तिचे दात वाजले.

"आजी येतेय," संहिता म्हणाली.

आई खरंच उठली होती. काठी टेकत, टेबलाकडे, सावकाश. भार्गवीला पहिल्यांदा हातांचं कळलं. तिने बशीवर तळवा पालथा घातला. दगड उन्हाने कोमट झाला होता. एवढंच करायचं होतं. आई येईल, कवळी बघेल, हसेल, मग तिला गाडीत बसवायचं, दुसऱ्या कुठल्यातरी नदीवर न्यायचं, आर्नहेमला मोठी नदी आहे, खरी, वाहती, तिथे म्हणायचं, आई, हीच ती, मघाशी माझी जागा चुकली. दगड इथेच राहील. आशुतोषलाही सांगायचं नाही. फक्त ही पोर. तिने संहिताकडे पाहिलं. संहिता तिच्याकडे बघतच होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं, वाट बघणं.

"काय लपवतेस?" आई म्हणाली.

"काही नाही. घाण आहे, आई, तळातली."

"हात काढ."

"आई, चल आपण..."

"भार्गवी. हात काढ."

फळ्यासमोरचा आवाज. हात आपोआप निघाला. आईने चष्मा वर केला, दगड उचलला, डोळ्यांजवळ नेला. आ वाचला. बा वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. सहकारी काहीतरी बोलायला पुढे झाला आणि संहिताने त्याला डचमध्ये तीनच शब्द सांगितले, "हे आमचे आजोबा." त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"आई, मला माहीत नव्हतं," भार्गवी म्हणाली. "धुकं होतं. नदीच वाटली. आई, ही नदी नाही. हा कालवा आहे. मी मघापासून..."

"मघापासून खोटं सांगतेस. कळतंय मला. पियानो वाजवणाऱ्याचा घाट!" आईने तोंडाला पदर लावला, ती हसत होती की काय ते कळेना. "तो माणूस हाताने पियानो वाजवून दाखवत होता की गं."

"तुला कधी..."

"फोटोत. तू पाठवलास त्याच दिवशी. कठडा पाण्याला लागून, काठ पट्टीने आखल्यासारखा सरळ, कडेला पाण्याची पातळी मोजायची पट्टी, आणि वर पाटी नदीची. कालव्याच्या माणसाशी संसार केलाय मी. मी म्हटलं, अरे देवा, हिने ह्यांना जलसेतूवर नेऊन सोडलं."

भार्गवीला ते बरं आता आठवलं. फळ्यावर गणित चुकत असलं की आई मुलाला मध्येच थांबवायची नाही. बरं म्हणायची. पुढच्या ओळीला पुन्हा बरं. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊ द्यायची, त्याचं त्याला दिसेस्तोवर.

"दोन वर्षं?" तिचा आवाज फाटला. "दोन वर्षं तू मला काही बोलली नाहीस? मी तुला समुद्र समुद्र म्हणून सांगत होते!"

"तू सांगत होतीस तेव्हा तुझा आवाज बरा यायचा." आई दगडावरचा उरलासुरला चिखल अंगठ्याने पुसत होती. "आणि कालवा कधी ना कधी बंद करतातच. तळ बघायला, गाळ काढायला. तुझ्या बाबांनी जन्मभर दुसरं काय केलं? मी म्हटलं, उघडतील. मी असेपर्यंत उघडलं तर जाऊन बघू. नाहीतर आहेत तिथे बरे आहेत, ओळखीच्या ठिकाणी." मग ती संहिताकडे वळली. "त्या काकांना विचार, पाणी काढलं ते सोडलं कुठे?"

संहिताने विचारलं. खेरितही आता येऊन उभा होता. त्याने हौदाच्या बाजूला असलेल्या झडपेच्या लोखंडी चाकाकडे बोट दाखवलं आणि मग, जणू याहून उघड काही नसेल तसं, खाली.

"नदीत, आजी," संहिता म्हणाली. मराठीत म्हणाली. "सगळं पाणी. खाली."

"आणि गाळ?" भार्गवीने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं.

खेरितने खांदे उडवले नाहीत, नीट उत्तर दिलं: थोडा पाण्याबरोबर गेला, बाकीचा ट्रकमधून. कुठे ते त्याला माहीत नव्हतं. भार्गवीने हे आईला शब्दाला शब्द सांगितलं. ट्रकसकट. सांगताना तिला वाटलं आता आई कोसळेल, पण आईने फक्त मान हलवली, आणि तिचा हात काठीवर जरा जास्त घट्ट झाला.

पुलाच्या कडेने खाली उतरायला पायऱ्या होत्या, शेवाळलेल्या. खाली अंधारी थंडी, विटांचे जुने पाय, दोन्हीकडून वाकलेल्या वाळुंजा, आणि त्यांच्यामधून नदी. ज्या नदीचं नाव वर पाटीवर होतं ती ही. पायऱ्यांवरून उडी मारली तर पलीकडे जाता येईल एवढी.

"हा तर ओढा," आई म्हणाली.

पण वाहत होती. पाण्यावरची पिवळी पानं पुलाखाली येत, सावलीत काळी होत, आणि पलीकडे पुन्हा पिवळी होऊन वळणाआड जात. भार्गवीने मान वर केली. डोक्यावर पुलाचं पोट, रिव्हेट मारलेलं, प्रचंड, आणि त्यावर चालणाऱ्या माणसांच्या बुटांचे आवाज. तो पूल या क्षणी रिकामा आहे, बोटभर वर आलेला आहे, हे डोळ्यांना दिसत नव्हतं. तिचा स्वतःचा श्वास कुठेतरी वरच अडकला होता, छाती भरून, आणि सोडला तर काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं. मैलभर काहीतरी कोसळेल. ती श्वास धरून उभी राहिली.

पुलाच्या एका सांध्यातून थेंब गळत होते. हौदात कुठेतरी तळाला उरलेलं, निघता निघता राहिलेलं. आई काठी संहिताच्या हातात देऊन तिथवर सरकली, उजव्या तळव्यावर तीळ घेतले, दर्भ बोटांत धरला आणि तळवा थेंबांखाली धरला. थेंब पडायला वेळ लागत होता. तीळ आधी ओले झाले, मग हलले, मग तरंगले. "श्रीनिवास," आई म्हणाली. मंत्र नाही, आणि तिने हे नाव घेतलेलं भार्गवीने जन्मात ऐकलं नव्हतं. "श्रीनिवास, चला आता." आणि अंगठ्याच्या मुळाशी तळवा कलता केला.

"हात आण," ती भार्गवीला म्हणाली. "खाली धर."

भार्गवीने आपला हात आईच्या हाताखाली धरला. पाणी आईच्या अंगठ्यावरून तिच्या तळव्यावर आलं, गार, लोखंडाच्या वासाचं, तिळासकट, थांबलं नाही, बोटांच्या फटींतून खाली गेलं. संहिताने एका हातात काठी आणि दुसऱ्या मुठीत दगड घट्ट धरला होता. तो तिने पाण्यात टाकला नाही आणि कुणी टाक म्हणालं नाही. काळे तीळ पानांच्या मधून निघाले, वळणापर्यंत दिसले.

वरून कुणीतरी ओरडलं. खेरित कठड्यावरून वाकून हातवारे करत होता, त्याच्या आवाजात काळजी होती. भार्गवीने वर पाहिलं आणि तिचा धरलेला श्वास सुटला, आणि त्याबरोबर तिच्या तोंडातून असा एक आवाज निघाला की संहिता दचकून मागे सरली. मग दुसरा. ती तशीच उभी होती, हात अजून आईच्या हाताखाली, आणि चेहऱ्यावरून, हनुवटीवरून, पाणी.

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

"तो म्हणतोय," भार्गवीला शब्द जमवायला वेळ लागला, "तिथे उभ्या राहू नका. गळतंय."

"गळू दे," आई म्हणाली.